रस्त्यावरचे घर की रस्त्याजवळचे घर?

विरार सोडून गाडी वैतरणेच्या पुलावर आली की डब्यातल्या गप्पांचा विषय हमखास बदलतो. पगार, बदली, राजकारण मागे पडते आणि गुंठा, फ्लॅट, कर्ज, हप्ता हे शब्द कानावर पडू लागतात. याला कारणही आहे. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. २०२१ मध्ये कोळगावला जिल्हा मुख्यालय उभे राहिले. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग हे सगळे याच पट्ट्यातून जाते आहे. साहजिकच सफाळे, केळवे, पालघर, उमरोळी, बोईसर या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य घासलेला, भाड्याच्या खोलीत संसार काढलेला आपला बांधव आता विचारतो आहे, "पालघर-बोईसर रस्त्याला लागून घर मिळते आहे. अगदी रोड टच आहे. घेऊ का?"

प्रश्न घरगुती वाटतो. पण घर घेणे ही आपल्या समाजासाठी नुसती घरगुती बाब कधीच नव्हती. म्हणूनच या प्रश्नाचा विचार या सदरात करण्याचे योजिले आहे.

आधी रस्त्याचा इतिहास पाहू. पेशवाईत अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावरून चालताना गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी जगाच्या वेशीवर टांगले. केरळात अय्यनकाली यांनी १८९३ साली सार्वजनिक रस्त्यावरून बैलगाडी हाकली, एवढ्यावरून सवर्णांनी हाणामारी केली. १९२४-२५ चा वायकोम सत्याग्रह तर मंदिरात जाण्यासाठी नव्हताच. मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे, एवढीच त्याची मागणी होती. आमच्याकडे महाराच्या वाट्याला रस्ता होता, पण तो राबण्यासाठी. रस्ता झाडायचा, वाटसरूला वाट दाखवायची, सरकारी ओझे पुढच्या गावापर्यंत वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे. राबायला रस्त्यावर आणि राहायला गावकुसाबाहेर, अशी ती व्यवस्था होती. अशा माणसाच्या नातवाला हमरस्त्यावर, चारचौघांच्या डोळ्यांत भरेल असे घर घ्यावेसे वाटले तर त्यात गैर काय? दारावर 'भीमाई' किंवा 'रमाई निवास' अशी पाटी असावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने ती वाचावी, या इच्छेमागे शेकडो वर्षांचा अपमान उभा आहे. तिची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

शिवाय रस्त्याचे फायदे खरे आहेत. याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून बाळंतिणीला डोलीत घालून आणावे लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. रस्ता नाही म्हणून रुग्णवाहिका येत नाही, रुग्णवाहिका येत नाही म्हणून जीव जातो. रस्त्यावर घर असेल तर एस.टी. दारात थांबते, रिक्षा मिळते, मुलगी कॉलेजातून अंधार पडायच्या आत घरी येते. पुढच्या खोलीत झेरॉक्सचे दुकान टाकता येते, पोळी-भाजी केंद्र चालवता येते. नोकरी कंत्राटी झाली, कारखाना कधी बंद पडेल याचा नेम नाही, अशा काळात ही पुढची खोली म्हणजे घराचा आधार असतो. हे सगळे मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

आता बाबासाहेबांनी स्वतःचे घर कुठे बांधले ते आठवा. परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत त्यांनी संसार केला, तिथूनच चळवळ चालवली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले. ज्या वस्तीत आपल्या माणसाला पाण्याचा पेलाही सहज मिळाला नसता, त्या वस्तीत बांधले. यात स्वाभिमान होता. परंतु घर बांधताना त्यांनी दिमाखाचा विचार केला नाही, ग्रंथांचा केला. हजारो पुस्तके ठेवता येतील, रात्र रात्र वाचता-लिहिता येईल अशी वास्तू त्यांना हवी होती आणि ती त्यांनी कॉलनीतल्या गल्लीत उभारली. माता रमाईंनी २७ मे १९३५ रोजी याच राजगृहात अखेरचा श्वास घेतला. यातून आपण घ्यायचा तो बोध सरळ आहे. घर कुठे घ्यायचे हे ठरवताना पहिला प्रश्न 'लोकांना ते कुठून दिसेल' हा नसावा. 'या घरात माझी मुले अभ्यास करू शकतील काय' हा असावा.

या कसोटीवर वाहता रस्ता तपासू. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे येणारा रस्ता घ्या, मस्तान नाक्यावरून पालघरला येणारा घ्या किंवा पालघर-बोईसर रस्ता घ्या. कंपनीच्या पाळ्या बदलतात तेव्हा बसगाड्या, दिवसभर रिक्षा आणि दुचाकी, रात्री कंटेनर आणि रसायनांचे टँकर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशीत रस्त्याचा आवाज रात्री ४५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे, कारण त्यापुढे झोप मोडते. मालट्रकचा एक कर्कश हॉर्न ही मर्यादा क्षणात ओलांडतो. दहावी-बारावीच्या वर्षात ज्या मुलाची झोप रोज रात्री तीनदा मोडते, त्याची बरोबरी शांत सोसायटीतल्या मुलाशी होणार कशी? आणि निकाल लागला की गुणवत्तेची भाषा करणारे त्या मुलालाच दोष देणार!

आवाजानंतर हवा. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले की मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित असतो आणि लहान मुलांचा दमा त्यामुळे बळावतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतातला मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हमरस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ३०० मीटरपलीकडे राहणाऱ्यांपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळले. आपल्या भागात तर रस्त्याच्या धुरात कारखान्यांच्या धुराची भर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९ निघाला आणि देशातील औद्योगिक क्षेत्रांत तो पहिला होता. जानेवारी २०२० मध्ये याच वसाहतीतील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले आणि हादरे दूरवरच्या गावांना बसले. आठ तास कारखान्यात विषारी हवा घेतलेल्या बापाने उरलेले सोळा तास डिझेलच्या धुरात का काढायचे?

तिसरी गोष्ट अपघात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा मुंबई-अहमदाबाद महामार्ग देशभर गाजला. त्याच वर्षी देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरचे जवळजवळ ७५ हजार आणि पायी चालणारे ३२ हजारांहून अधिक होते. त्यांच्यासाठी ना अग्रलेख आले, ना विशेष बैठका झाल्या. रस्त्यावरच्या घराचे गणित इथेच कळते. गाडीवाल्याला रस्ता फक्त पार करायचा असतो. ज्याचे घर रस्त्यावर आहे त्याला तो रोज ओलांडायचा असतो. मुलाची शाळा पलीकडे, किराणा पलीकडे, बसथांबा पलीकडे. आजीने दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडला तर वर्षाला सुमारे दीड हजार वेळा ती भरधाव वाहनांपुढून जाते. घर पाहायला जाताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

चौथा आणि दलाल कधीच सांगत नाही तो मुद्दा रस्तारुंदीचा. रस्ता आज आहे तेवढाच राहणार, असे या पट्ट्यात कुणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? बंदर आले की कंटेनर येणार, कंटेनर आले की दुपदरी रस्ता चौपदरी होणार. महामार्गालगतच्या बांधकामासाठी इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा अशा दोन मर्यादा असतात. ग्रामीण सपाट भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गासाठी त्या रस्त्याच्या मध्यापासून साधारण ४० आणि ७५ मीटर धरल्या जातात. रस्त्याचा दर्जा बदलला की अंतर बदलते. म्हणून आपण घेत असलेले घर या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे सार्वजनिक बांधकाम विभागात विचारावे. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी पाहावी. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. विकासाच्या नावाने कुणाचे घर आधी उठते, हे या तालुक्याला नव्याने शिकवायला नको.

घर संपादनात गेले तरी २०१३ च्या भूसंपादन कायद्याने भरपाई मिळते, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण ती ज्याचे कागद पक्के त्याला. आणि कागद हाच या लेखाचा सर्वांत नाजूक मुद्दा आहे.

रस्त्याला लागून जागा आणि तीही स्वस्तात, असे कुणी सांगितले तर आपण पहिला प्रश्न विचारला पाहिजे, ही जमीन मुळात कुणाची? पालघर हा आदिवासी जिल्हा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ सांगते की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. तरीही कुलमुखत्यारपत्र, नोटरी, साठेखत, शंभर रुपयांचा स्टँप अशा मार्गांनी वारली, कातकरी, मल्हार कोळी बांधवांच्या जमिनी हातोहात फिरल्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही. म्हणजे पैसे आपले जाणार, जमीन आपली होणार नाही. परंतु आपल्यासाठी हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. आमच्या वतनाच्या जमिनी कवडीमोलाने कुणी लाटल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक आणले ते या गुलामगिरीतून सोडवण्यासाठी. ज्यांची जमीन हिरावली गेली, त्यांनी दुसऱ्या नागवलेल्याच्या जमिनीवर घर बांधावे काय? त्या भिंतीवर तथागताची प्रतिमा लावताना हात थरथरणार नाही काय? सात-बारावर आदिवासी खातेदार, भोगवटादार वर्ग २ किंवा नवीन शर्त असा शेरा दिसला, तर कितीही स्वस्त असो, तिथून उठून यावे.

आता पैशाचे बोलू. २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार ३५० रुपये बसतो आणि फेड होईपर्यंत साडेएकेचाळीस लाखांहून अधिक रक्कम जाते. म्हणजे घराची किंमत आपण दोनदा मोजतो. रोड टच म्हणून दोन-चार लाख जादा मागितले, तर तेही दोनदा मोजतो. त्या जादा पैशाच्या बदल्यात पुढच्या खोलीचे दुकान खरोखर चालणार असेल तर हिशेब वेगळा. दुकान काढायचेच नसेल तर आपण धूर आणि आवाज विकत घेतो आहोत. बँकेने कागद पाहून कर्ज नाकारले तर रागावू नये. वकिलाने तीस वर्षांचा शोध घेतल्यावर जे कळले असते, ते बँकेने फुकट सांगितले असे समजावे. इमारत नवी असेल तर महारेराचा क्रमांक स्वतः तपासावा. आणि खरेदीखतावर घरच्या बाईचे नाव असलेच पाहिजे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपदावर पाणी सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्याच्या घराच्या कागदावर बायकोचे नाव नसावे, यासारखी विसंगती नाही. एकट्या स्त्रीच्या नावावर नोंदणी केल्यास २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही मिळते.

मग घ्यायचे तरी कुठे? आमचे म्हणणे असे, घर रस्त्याजवळ असावे, रस्त्यावर नसावे. मुख्य रस्त्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर. हे अंतर मनाने ठरवलेले नाही. पाच-सात मिनिटांत माणूस साधारण चारशे-पाचशे मीटर चालतो आणि धुराचा सर्वाधिक बाधित पट्टा तिथेच संपतो. रुग्णवाहिका येते, बस पकडता येते आणि रात्री झोपही लागते. मात्र आतले घर घेताना एक काळजी दुप्पट घ्यावी. घरापर्यंतची वाट कागदावर आहे काय? आज मोकळी दिसणारी वाट उद्या शेजारचा जमीनमालक काटेरी कुंपण घालून बंद करतो आणि आडनाव पाहून तर हमखास करतो. वहिवाटीच्या रस्त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ आणि महसूल संहितेचे कलम १४३ यांचा आधार आहे, पण तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा वाट नकाशावर आणि खरेदीखतात आधीच लिहून घेणे शहाणपणाचे. चालण्याच्या हक्कासाठी ज्यांच्या पूर्वजांनी मार खाल्ला, त्यांनी तरी वाटेचा हक्क तोंडी ठेवू नये.

घर ठरवण्यापूर्वी कुटुंबाने तिथे तीन फेऱ्या माराव्यात. एक सकाळी शाळेच्या वेळी, एक संध्याकाळी पाळी सुटताना आणि एक रात्री अकरानंतर. नवऱ्याने एकट्याने जाऊ नये. बायको, मुलगी, म्हातारी आई सगळ्यांनी जावे, कारण घरात जास्त वेळ त्यांनाच काढायचा आहे. खिडकी उघडी ठेवून अर्धा तास नुसते बसावे. मग बोलणे करावे.

एवढे सांगून थांबलो तर मात्र हा लेख पगारदारांपुरता उरेल. वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या मध्ये, वैतरणेच्या पाण्याने वेढलेले वाढीव गाव आहे. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून, गाडीची शिट्टी ऐकत, जीव मुठीत धरून ये-जा केली, कारण त्यांना रस्ताच नव्हता. आणि महामार्गाच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली राहणारी, वीटभट्टीवर आणि रेतीवर राबणारी शेकडो कुटुंबे आहेत, त्यांच्या वाट्याला रस्त्याशिवाय काहीच नाही. एकाला रस्ता नाही, दुसऱ्याला रस्त्याखेरीज निवारा नाही. दोघांनाही निवड नाही. 'घेऊ की नको' हा प्रश्न पडणे हीच आपल्याला चळवळीने मिळवून दिलेली चैन आहे, हे विसरू नये.

म्हणून आपापले घर शहाणपणाने घ्या आणि रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांसाठी आवाजही उठवा. शाळेपुढे गतिरोधक आणि भुयारी मार्ग, महामार्गाला सेवा रस्ता, रुंदीकरणात उठणाऱ्या झोपडीला पर्यायी जागा, रात्रीच्या टँकरना वस्तीबाहेरून वळण, या मागण्या ग्रामसभेत ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर गेल्या पाहिजेत. विहाराच्या बैठकीत जयंतीच्या वर्गणीबरोबर सात-बारा कसा वाचावा, हेही एखाद्या रविवारी शिकवले जावे. वकिलीचा अभ्यास करणारी आपली मुले आता वस्तीवस्तीत आहेत. वस्तीतल्या एका माणसाचे खरेदीखत त्यांनी तपासून दिले तर एका कुटुंबाची वीस वर्षांची कमाई वाचेल.

जयभीम!